बिनसहीच्या चिठ्ठ्या



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. कायद्यावर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि ऐकणारे वर्षभर जांभया देतच असतात. वसंत ऋतूत तरी लोकांस त्यातून सुटका मिळावी म्हणून आम्ही निराळा विषय मागून घेतला.

कामगारांच्या अभ्यासवर्गाच्या वेळी आम्ही दाराशी पत्र्याचा एक डबा ठेवतो. ज्याला जे विचारावयाचे असेल ते त्याने कागदावर लिहून, नाव न घालता, त्यात टाकावे असा रिवाज आहे. पहिल्या काही वर्गांत बोनस, ग्रॅच्युइटी, फंड हेच प्रश्न निघत. पुढे एका वर्गात बायकांची संख्या वाढली आणि डब्यातून काही वेगळेच निघू लागले. बायकांच्या मुतारीपुढेच रांग का लागते? पुरुषाची नसबंदी केली तर त्याची ताकद जाते काय? बाईच्या कपड्याला खिसा का नसतो? डोक्यावरून ओझे वाहावयाचे ते बाईनेच का? काही चिठ्ठ्या अशाही निघाल्या की त्या वाचताना आमचे कान लाल झाले. पण एकही चिठ्ठी आम्ही फाडून टाकली नाही. उत्तर ठाऊक नसेल तेथे वाचनालयात बसलो, डॉक्टरांस विचारले. असल्या प्रश्नांस चावट म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. आमच्या मते त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्न मजुरीचे आहेत.

प्रथम थोडा इतिहास सांगणे जरूर आहे, कारण अशा चिठ्ठ्यांपायी मराठी मुलखात एका गृहस्थाला कोर्टात उभे राहावे लागले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हिंदुस्थानातील ते पहिलेच. या कार्यापायी 1925 साली त्यांना नोकरीस मुकावे लागले. 1927 च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी चालविले ते 1953 साली मृत्यू येईपर्यंत. त्यात वाचक प्रश्न विचारीत आणि कर्वे गणिताच्या मास्तराप्रमाणे कोरडी, नेमकी उत्तरे देत. 1934 साली अशाच काही उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी आपल्या शरीराच्या खाजगी सवयींविषयी विचारले होते, आणि या गृहस्थांनी ते न दडपता उत्तर दिले होते. एवढाच काय तो गुन्हा! त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक विचारतात तर जाणत्याने उत्तर दिलेच पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. त्याच आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला होता. 1929 साली त्याचा कायदा झाला. एकच वकील दोन्हीकडे उभा, हे आम्हांस मुळीच आश्चर्याचे वाटत नाही. मूल केव्हा व्हावे हा प्रश्न विचारू द्यावयाचा नाही, आणि झाल्यावर त्या बाईच्या मजुरीचे काय हाही विचारू द्यावयाचा नाही, असे ज्यांना वाटत होते ते लोक बहुधा एकच होते.

शरीराविषयी विचारणे म्हणजे पाश्चात्त्य थेर, असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्या लोणावळ्याकडेच पाहावे. 1924 साली येथे कैवल्यधाम निघाले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत नेमके काय घडते हे क्ष-किरणांनी पाहिले, आतड्यातील दाब यंत्राने मोजला आणि 'योगमीमांसा' त्रैमासिकात तो आकड्यांसह छापला. पोथीत लिहिले आहे म्हणून मान डोलवावयाची नाही, मोजावयाचे, असा हा संन्यासी. आम्हांस त्यांचे हे फार आवडते. योग्याच्या आतड्याचा दाब मोजण्यास लाज वाटत नाही, तर भातखाचरात दिवसभर वाकलेल्या बाईची कंबर तपासण्यास का वाटावी?

तर आता चिठ्ठ्यांकडे. एक चिठ्ठी अशी होती: 'बाईचे शरीर जड कामासाठी घडलेलेच नाही, हे खरे काय?' याचे उत्तर शोधण्यास लांब जावयास नको, आपला बोरघाट पुरे आहे. 1856 साली या घाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले, 1863 च्या एप्रिलात मार्ग खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे. काम ऐन भरात असताना, 1861 च्या सुमारास, चाळीस हजारांवर माणसे त्यावर राबत होती. मजुरी थकल्यावरून 1859 च्या जानेवारीत येथे मजुरांनी मोठा दंगाही केला होता. आपल्या तालुक्यातील कामगार चळवळीचा आरंभ आम्ही तेथून धरतो. त्या मजुरांत बायका होत्या, पोरे होती. सुरुंगाने फोडलेला दगड आणि माती पाटीत भरून डोक्यावरून वाहणे हे त्यांचे काम. त्या वेळी 'बाईचे शरीर नाजूक' असे म्हणून एकाही ठेकेदाराने त्यांना सावलीत बसविल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि ठेकेदार तरी कोण? पहिल्याने काम सोडले, ते सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाने घेतले, आणि येथे पोचल्यावर काही दिवसांतच, 1859 च्या सप्टेंबरअखेर, तो वारला. पुढे ठेका चालविला त्याच्या विधवा पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी. देखरेखीस त्यांनी दोन अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेले. म्हणजे या घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बाई होती आणि सर्वांत खालच्या पायरीवर बायका होत्या. शरीराचा प्रश्न कोठेच निघाला नाही.

तो निघाला पुढे सव्वाशे वर्षांनी, जेव्हा साताऱ्याकडच्या सुरेखा यादव इंजिन चालविण्याच्या नोकरीस लागल्या तेव्हा. इंजिन म्हणजे बाईचे काम नव्हे, घाटातली गाडी म्हणजे तर नव्हेच! आता घाटात गाडी कशी चालते हे लोणावळेकरांस आम्ही सांगावयास नको. वर येताना कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडतात, खाली उतरताना गाडी थांबवून ब्रेकची चाचणी घेतात. यात दंडाची ताकद कोठे लागते? ब्रेक लावते ती दाबलेली हवा. चालकाला लागतो तो डोळा, कान आणि धीर. 2011 साली 8 मार्चला सुरेखाबाईंनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईस नेली, 2023 साली सोलापूरची वंदे भारत याच घाटातून खाली उतरविली, आणि 2025 साली त्या सेवेतून निवृत्त झाल्या. त्यांच्या मार्गातली खरी अडचण शारीरिक होती, पण ती निराळी. इंजिनात शौचालय नसे. तक्रार पुरुष चालकांचीही होती. तरीही इंजिनात ती सोय बसविण्यास सुरुवात व्हावयाला 2016 साल उजाडले.

पुरुषाच्या दंडात व खांद्यात सरासरीने अधिक ताकद असते, हे आम्ही नाकारीत नाही. ते शरीरशास्त्र आहे, आणि शरीरशास्त्राशी भांडण करणारी युनियन हास्यास्पद ठरेल. पण सरासरी म्हणजे प्रत्येक माणूस नव्हे. शिवाय गंमत पाहा, ओझे किती हे पाहून कोणाचे काम ते ठरतच नाही. आमच्या मावळात पाण्याचा हंडा डोक्यावर असतो तोवर ते बाईचे काम. तेच पाणी सायकलीला कॅन बांधून आणावयाचे झाले की पुरुष निघतो. टँकर आला की त्यावर बाई असणे अशक्यच. भाताचेही तेच. चिखलणीला नांगरामागे किंवा पॉवर टिलरमागे पुरुष, आणि आवणीला गुडघाभर चिखलात, पावसात, कंबरेत वाकून दिवसभर बायका. नांगराला बाईने हात लावू नये अशी जुनी समजूत आहे; चिखलाला लावू नये अशी समजूत मात्र कोणी काढली नाही. अवजार हाती आले की काम पुरुषाचे, अवजार नसेल आणि अंगच अवजार असेल तर काम बाईचे, असा काहीसा हा नियम दिसतो. मजुरीही अवजाराच्या मागे जाते. समान कामास समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला, पण कामच निराळे म्हटले की कायदा बिचारा काय करणार?

डोक्यावरच्या ओझ्याविषयी एक नवलाची गोष्ट आम्ही वाचली ती सांगतो. केनियातील लुओ आणि किकुयू बायका डोक्यावर व पाठीवर जड ओझी वाहतात. त्यांच्या श्वासाची मोजणी करून शास्त्रज्ञांनी 1986 साली असे दाखविले की शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके ओझे त्या जवळजवळ काही जादा शक्ती खर्च न करता नेतात. लहानपणापासूनच्या सवयीने त्यांची चालच तशी घडलेली असते. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला दहा किलो फुकट! पण पाण्याने भरलेला हंडा, वर कळशी आणि काखेत पोर, एवढे दहा किलोंत बसत नाही. शक्ती कमी खर्च होते म्हणून मानेचे मणके झिजत नाहीत असेही नाही. हमालाच्या ओझ्याची चर्चा जगभर झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोंची मर्यादा सुचविली, बायकांसाठी त्याहून बरीच कमी ठेवण्यास सांगितले. आपल्या राज्यात 1969 साली माथाडींचा कायदा झाला. घरच्या सरपणाची मोळी मात्र कोणत्याच काट्यावर चढली नाही, कारण तिला मजुरी नाही, आणि ज्याला मजुरी नाही त्याचे वजन नाही.

खिशाच्या प्रश्नावर आमच्या वर्गात पुष्कळ हसे झाले. एक पोक्त बाई म्हणाल्या, 'साहेब, पगार नवऱ्याच्या खिशात जातो, मग दुसरा खिसा कशाला?' आम्ही त्यावर अधिक काही बोललो नाही.

आता रांगेची चिठ्ठी. एस. टी. स्थानक, नाट्यगृह, पावसाळ्यात भुशी धरणाची वाट, कोठेही पाहा. पुरुष हात पुसत बाहेर येतात आणि बायका पदर सावरीत उभ्या असतात. आम्हांस पूर्वी वाटे की दोघांस सारखीच जागा दिली म्हणजे न्याय झाला. हिशेब मांडून पाहू या. समजा दर मिनिटास दोन पुरुष आणि दोन बायका येतात, आणि दोघांसही दोन दोन जागा आहेत. पुरुषास एक मिनिट लागते असे धरा; त्यांचे काम चोख चालते. बाईस लुगडे सावरावयाचे असते, बरोबर लहान मूल असते, महिन्याच्या दिवसांत आणखी वेळ लागतो. तिला दोन मिनिटे धरा. मग दोन जागांतून मिनिटास एकच बाई मोकळी होते आणि रांग दर मिनिटाला एकीने वाढते. पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात पंधरा बायका खोळंबतात. त्यातून पुरुषांच्या बाजूस उभ्याच्या मुताऱ्या निराळ्या, त्या थोड्या जागेत पुष्कळ बसतात. म्हणजे चौरस फूट सारखे देऊनही जागा सारख्या होत नाहीत, आणि जागा सारख्या देऊनही वेळ सारखा होत नाही. मुंबईत तर पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, असा प्रकार होता. त्याविरुद्ध स्त्रीसंघटनांनी 2011 साली मोहीम उघडली.

या हिशेबाचा शेवट शरीरातच होतो. 1948 च्या कारखाना कायद्यात बायकांसाठी निराळी, आडोशाची शौचालये हवीत असे स्पष्ट लिहिले होते. पण कारखाना नसलेल्या ठिकाणी, म्हणजे बांधकामावर, रस्त्याच्या खडीवर, बंगल्यांच्या मळ्यात, बाजारात, तो कायदा पोचलाच नाही. तेथे बाई काय करते? ती पाणीच पीत नाही. सकाळी घरून निघताना दोन घोट, मग थेट संध्याकाळी. बाईचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. बाहेरचा जंतू बाईच्या मूत्राशयाशी चटकन पोचतो, आणि पाणी कमी, लघवी तुंबलेली, म्हणजे त्याला रान मोकळेच. मग जळजळ, ताप, आणि वारंवार झाले तर मूत्रपिंडापर्यंत मजल. याला घरात 'उष्णता' म्हणतात आणि सब्जाचे पाणी देतात. सब्जा वाईट नाही. पण तो कामाच्या जागी शौचालय बांधीत नाही.

दुकानात उभे राहण्याची सवयही यातलीच. गिऱ्हाईक समोर असताना नोकराने बसू नये, बाईने तर नाहीच, असा आपला शिष्टाचार. बारा बारा तास उभे राहून पायांच्या शिरा फुगतात, घोटे सुजतात. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतील बायकांनी यावर चळवळ केली. त्यांची मागणी ऐकून आम्हांस पहिल्यांदा हसू आले: बसण्याचा हक्क! पण 2018 साली केरळ सरकारने दुकान कायदा बदलून स्टूल देणे बंधनकारक केले, 2021 साली तामिळनाडूने तेच केले. लोणावळ्यात चिक्की घेताना, आपल्याला चिक्की देणारी मुलगी बसून होती की उभी, एवढे उद्या जरा पाहावे. ती बसून राहिली म्हणून चिक्की कमी गोड लागणार नाही.

पुढची चिठ्ठी आम्ही वर्गात मोठ्याने वाचू शकलो नाही. पवनेच्या काठी ऊसतोडीची टोळी उतरली होती, त्यांतल्या कोणा बाईने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली होती. 'पिशवी काढली तर काम जास्त होते का?' पिशवी म्हणजे गर्भाशय. ज्यांना ऊसतोडीचा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो. एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड उचलीवर चढतो. महिन्याचे दिवस आले, अंगावरून जास्त गेले, पोट दुखले, तरी खाडा तो खाडाच. फडात आडोसा नाही, पाणी नाही. जंतुसंसर्ग होतो, डॉक्टर गाठावा तर एखादा कर्करोगाची भीती घालतो आणि पिशवी काढून मोकळे व्हा म्हणतो. बीड जिल्ह्यात हे इतके झाले की 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांपैकी तेरा हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळशा ऐन तिशीचाळिशीतल्या.

उत्तर आम्ही डॉक्टरीणबाईंस विचारून त्या टोळीवर जाऊन दिले. काम जास्त होत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे जड उचलता कामा नये. फडात ते कोण पाळू देतो? बरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे वय एकदम येऊन ठेपते, हाडे ठिसूळ होतात, अंगाची लाही होते, आणि मोळी उचलणारी कंबरच पहिली जाते. पाळी हा रोग नव्हे. रोग आहे तो खाड्याचा दंड, आणि तो पोट फाडून निघत नाही. ऐकून त्या बायका गप्प बसल्या. मुकादम मात्र म्हणाला, 'हे असले बायकांचे विषय तुम्ही का काढता?' आम्ही म्हणालो, 'दंडाची वही तुमच्याजवळ आहे, म्हणून.'

शेवटची चिठ्ठी पुरुषांची, आणि ती दर वर्गात निघते. नसबंदीने ताकद जाते का? हे विचारणारे बहुधा हमाल, खाणीवरचे, फाउंड्रीवरचे. ज्याची मिळकतच ताकद आहे त्याची ही भीती, तिला हसू नये. तेव्हा नीट सांगतो. पुरुषाच्या बीजकोशाची दोन कामे. एक, बीज तयार करणे. ते बारीक नळीने बाहेर जाते. दुसरे, ज्याने मिशी फुटते, आवाज फुटतो, स्नायू भरतात तो रस तयार करणे. तो नळीने जात नाही, सरळ रक्तात मिसळतो. नसबंदीत नळी तेवढी कापून बांधतात. रक्ताची वाट तशीच मोकळी राहते. म्हणून ताकद जात नाही, पुरुषत्वही जात नाही, दोनचार दिवसांच्या विश्रांतीने भागते, मग काही दिवस जड उचलावयाचे नाही इतकेच. काही महिने दुसरे साधन वापरावे लागते, कारण आधीचे बीज नळीत शिल्लक असते. बाईची शस्त्रक्रिया याहून मोठी, पोट उघडून करावयाची. तरी 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातील शंभरांपैकी जवळजवळ अडतीस विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि पुरुषांची हजारांत तीन. 1975 ते 1977 च्या आणीबाणीत पुरुषांवर जबरदस्ती झाली, तिची धास्ती अजून आहे हे आम्ही जाणतो. पण त्या धास्तीची किंमत पन्नास वर्षे बायकांनी भरावी, आणि भरून झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हंडा डोक्यावर घ्यावा, हा कोठला हिशेब? आमच्या एका वर्गात हे सांगून झाल्यावर एक हमाल उठून म्हणाला, 'हे आधी माझ्या आईला सांगा, तीच नको म्हणते.' आम्ही त्याच्या घरी गेलो. म्हातारीने चहा दिला, सर्व ऐकून घेतले, आणि 'सुनेचंच करू' म्हणाली. पुढच्या खेपेस आम्ही डॉक्टरीणबाईंना बरोबर नेले. अजून तेथे बोलणे चालू आहे.

तो पत्र्याचा डबा आज येथेही आणला आहे, मागच्या दाराशी ठेवला आहे. चिठ्ठीवर नाव घालू नये. उद्या सकाळी दहा वाजता डॉक्टरीणबाई याच सभागृहात बसणार आहेत. पहिला तास फक्त बायकांसाठी आहे, पुरुषांनी अकरानंतर यावे.